हिंजवडी ते तळेघर : जनुक वाहून नेणाऱ्या लिपिडांचा प्रवास

मंचरहून भीमाशंकरकडे निघाले की घोडेगाव जाते, डिंभे धरणाचा फुगवटा जातो आणि चढावर तळेघर लागते. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिम भाग महादेव कोळ्यांचा, हिरड्याच्या झाडांचा आणि चार महिने न थांबणाऱ्या पावसाचा. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस पोचते ती एका ठरलेल्या साखळीतून. जिल्ह्याच्या भांडारातून ती तालुक्याला येते, तिथून केंद्रातल्या आयएलआर नावाच्या शीतपेटीत, आणि लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांच्या खांद्यावरच्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून वाडीवर. या साखळीला एकच आकडा माहीत आहे : २ ते ८ अंश सेल्सिअस. वीज गेली, दरड आली, गाडी चिखलात रुतली तरी तो सांभाळायचा.

डिसेंबर २०२० मध्ये ज्या दोन लशींची जगभर चर्चा होती, त्यांची मागणी वेगळीच होती. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे, मॉडर्नाची उणे २० ला. भारताच्या सरकारी मोहिमेत या दोन्ही लशी आल्याच नाहीत. फायझरने फेब्रुवारी २०२१ मध्ये परवानगीचा अर्ज मागे घेतला. मॉडर्नाला त्या वर्षी जूनमध्ये परवानगी मिळाली, पण कायदेशीर जबाबदारीच्या प्रश्नावर गाडे अडले. त्या कागदोपत्री अडचणी सुटल्या असत्या तरी उणे ७० अंश तळेघरपर्यंत कसे न्यायचे, हा प्रश्न उरलाच असता.

ही थंडी कशासाठी लागत होती? काही अंशी आत असलेल्या, पेशीला प्रथिनाची कृती सांगणाऱ्या एमआरएनए या नाजूक रेणूसाठी, आणि काही अंशी त्याला गुंडाळणाऱ्या मेदासाठी, म्हणजे लिपिडांसाठी. वर्तमानपत्रांनी एमआरएनएचे कौतुक भरभरून केले. २०२३ चे नोबेल पारितोषिकही कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना एमआरएनएच्या घटकांत केलेल्या बदलांसाठी मिळाले. वेष्टन मात्र मागेच राहिले. वास्तविक जनुकीय उपचारांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या वेष्टनाचाच इतिहास आहे. पेशीत काय पाठवायचे हे बऱ्याच आधी कळले होते. ते आत कसे जाईल हे कळायला वेळ लागला.

डीएनए किंवा आरएनएचा धागा लांबलचक असतो आणि त्याच्यावर सर्वत्र ऋण विद्युतभार असतो. पेशीच्या बाह्य पृष्ठभागावरही ऋणभारच जास्त, आणि पेशीपटलाचा मधला थर तेलकट. त्यामुळे उघडा आरएनए पेशीला भिडला तरी आत शिरत नाही. त्यात रक्तातली विकरे त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. विषाणूंनी हा प्रश्न कोट्यवधी वर्षांपूर्वी सोडवला, म्हणून वैद्यकाने आधी त्यांनाच हाताशी धरले. मात्र १९९९ मध्ये फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण ॲडेनोविषाणूच्या मात्रेनंतर दगावला आणि त्या क्षेत्राची गती कित्येक वर्षे मंदावली. विषाणू आजही वापरात आहेत, आणि चांगल्या कारणासाठी आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार-१९ या कर्करोग उपचारात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांत लेंटिविषाणूच्या मदतीने जनुक घातले जाते. परंतु विषाणूच्या पोटात मावणाऱ्या मजकुराला मर्यादा असते, शरीर त्याला ओळखून ठेवते म्हणून दुसरी मात्रा देणे अवघड होते, आणि उत्पादन महाग पडते. रसायनतज्ज्ञांनी या कामात हात घातला तो इथे.

लिपिडांची एक सवय रसायनतज्ज्ञांच्या उपयोगी पडली. या रेणूंचे डोके पाण्याला धरून राहते आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. त्यांना पाण्यात सोडले की शेपट्या आत लपवून ते आपोआप थर करतात, थरांचे गोळे होतात. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे ॲलेक बँगहॅम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे गोळे पाहिले. पुढे त्यांना लायपोसोम हे नाव पडले. औषध भरायला ही आयती कुपी होती.

या टप्प्यावर कथेत मुंबई येते, आणि ती लस-बातम्यांच्या कितीतरी आधी येते. परळच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचे जालीम औषध लायपोसोममध्ये भरण्यावर काम केले. दिल्ली विद्यापीठातले बी. के. बच्छावत त्यांचे सहकारी. साधे ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडावर घाव घालते; मेदात भरलेले पुष्कळ सौम्य पडते. या संशोधनातून फंगिसोम हे भारतीय औषध बाजारात आले. ते देण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या यंत्रात ४५ मिनिटे हलवून घ्यावे लागे. परदेशी लायपोसोमपेक्षा ते स्वस्त होते, पण हे एक यंत्र रुग्णालयात हवे हीच त्याची किंमत होती. वेष्टनाचा विचार करताना शेवटच्या खोलीत कोणते यंत्र असेल, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मे २०२१ मध्ये काळी बुरशी पसरली तेव्हा महाराष्ट्राला हा विषय नाइलाजाने शिकावा लागला. रुग्णांचे नातेवाईक कुप्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयांत खेपा घालत होते. टंचाई औषधाची जेवढी होती, तेवढीच ते भरण्यासाठी लागणाऱ्या अतिशुद्ध लिपिडांची होती. मुंबईच्या व्हीएव्ही लाइफ सायन्सेसच्या रत्नागिरीतल्या कारखान्यात अशी लिपिडे बनतात, हे त्या महिन्यात अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने ॲम्फोटेरिसिनचे इमल्शन बनवायला घेतले. लिपिड ही वाटेवरची किरकोळ वस्तू नसून साखळीतला तुटू शकणारा दुवा आहे, याचा तो मोठा आणि महागडा धडा होता.

औषधाचा छोटा रेणू लायपोसोममध्ये भरणे तुलनेने सोपे. जनुकाचा लांब, भारित धागा भरणे कठीण. त्यावरचा पहिला सर्वमान्य तोडगा १९८७ मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या सिन्टेक्स कंपनीतले फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी डीओटीएमए नावाचे निसर्गात नसलेले लिपिड घडवले. त्याच्या डोक्यावर कायमचा धनभार होता. ऋणभारित डीएनए त्याला आपणहून चिकटला, आणि तयार झालेला पुंजका ऋणभारित पेशीलाही चिकटला. लिपोफेक्टिन या नावाने हे मिश्रण विकले जाऊ लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापराचे झाले. दोनच वर्षांनी रॉबर्ट मेलोन, फेल्गनर आणि इंदर वर्मा यांनी त्याच लिपिडाने एमआरएनए पेशींत नेऊन दाखवला. कोविडच्या लशीची मूळ कल्पना म्हणावी अशी गोष्ट १९८९ मध्येच छापून आली होती.

भारतातही या वाटेवर कसून काम झाले. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अरविंद चौधुरी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शंतनु भट्टाचार्य यांनी धनभारित लिपिडांचे डोके, शेपटी आणि त्यांना जोडणारा दुवा बदलत शेकडो प्रयोग केले. भट्टाचार्यांची दोन डोकी दुव्याने जोडलेली ‘जेमिनी’ लिपिडे या क्षेत्रात ओळखीची आहेत.

काचेच्या बशीतल्या पेशींवर हे सारे सुरेख चाले. शरीरात मात्र पंचाईत होई. कायमचा धनभार रक्तात गेला की वाटेत भेटेल ते प्रथिन त्याला चिकटते, गुठळ्या होतात, त्या फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात, आणि पेशींनाही हा भार मानवत नाही. रक्त टाळून थेट श्वासातून देण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या १३६ रुग्णांना वर्षभर दर महिन्याला जीएल६७ए या धनभारित मिश्रणातून निरोगी जनुक किंवा नुसते मिठाचे पाणी श्वासावाटे देण्यात आले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : फुप्फुसांच्या क्षमतेत दोन गटांत ३.७ टक्क्यांचा फरक. फरक खरा होता, पण डॉक्टरांनी उपचार म्हणून हाती घ्यावा इतका नव्हता.

भार हवाही आणि नकोही, अशी ही गाठ होती. सह्याद्रीत भाताच्या लावणीला इरले घेतात. पावसात ते पाठीवर असलेच पाहिजे, पण दारातून आत शिरताना उतरवले नाही तर माणूस चौकटीतच अडकतो. जनुकाच्या वेष्टनाकडून रसायनतज्ज्ञांना नेमके हेच हवे होते : रक्तात गप्प बसावे, पेशीच्या आत गेल्यावर उलगडावे.

ही करामत ज्या लिपिडांनी साधली त्यांचा भार भोवतालच्या आम्लतेनुसार बदलतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पीटर कुलिस यांच्या गटाने हे काम कित्येक वर्षे नेटाने केले. या लिपिडांच्या डोक्यात अमाइन असते. प्रयोगशाळेत आम्ल पाण्यात ते धनभारित होते, त्या वेळी आरएनए पकडून घेते. मग पाणी उदासीन केले की भार जवळपास नाहीसा होतो आणि कण रक्तात कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पेशी तो गिळते ती एंडोसोम नावाच्या पिशवीत, आणि ती पिशवी हळूहळू आम्ल होत जाते. अमाइन पुन्हा धनभारित होते, पिशवीच्या ऋणभारित आवरणाशी जुळते, आवरणाची घडी विस्कटते आणि आरएनए पेशीद्रवात निसटतो. अमाइनची ही पलटी कोणत्या आम्लतेला व्हावी, यावर सारे अवलंबून. सामू ६.२ ते ६.५ च्या दरम्यान पलटणारी लिपिडे यकृतात सर्वांत चांगली ठरतात, हे एकामागून एक रेणू तपासून शोधले गेले. त्या शोधातून निघालेल्या डीलिन-एमसी३-डीएमए या लिपिडावर पॅटिसिरान हे औषध उभे राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेले ते पहिले सूक्ष्म-आरएनए (एसआयआरएनए) औषध, म्हणजे आखूड आरएनएने जनुक गप्प करणारे. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिले जाणारे, आधी स्टेरॉइड टोचून घ्यावे लागणारे हे औषध तसे मोजक्या रुग्णांचे. पण कोविड आला तेव्हा कारखान्यांना लागणारी कृती तयार होती, ती या मोजक्या रुग्णांमुळे.

याच सुमारास दुसरी एक वाट निघाली, आणि लिपिडसदृश पदार्थांचा विषय खरा तिथलाच. एमआयटीत रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाला एकेक रेणू पायऱ्यापायऱ्यांनी घडवण्याचा कंटाळा आला असावा. त्यांनी साधी अमाइने आणि लांब शेपटीची ॲक्रिलेटे घेतली. दोन्ही एका कुपीत घालून तापवली की ती एकमेकांना जोडली जातात. वेगळे द्रावक नको, मधल्या शुद्धीकरणाच्या पायऱ्या नकोत. निघालेल्या रेणूला एका डोक्याभोवती तीन, चार, पाच शेपट्या असतात, निसर्गातल्या कोणत्याही मेदाशी न जुळणाऱ्या. म्हणून त्यांना नाव दिले लिपिडॉइड. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या संग्रहात असे १,२०० हून अधिक पदार्थ होते. दोन वर्षांनी ॲक्रिलेटांऐवजी इपॉक्साइडे वापरून केलेल्या संग्रहातून सी१२-२०० निघाला. उंदराच्या यकृतातले जनुक गप्प करायला त्याची आधीच्या लिपिडांपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरली.

या पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते. हजार पदार्थ झटपट बनवता आले, तरी त्यांची परीक्षा मात्र जुन्याच चाळणीतून झाली : आधी बशीतल्या कर्करोगाच्या पेशी, मग उंदराचे यकृत. बशीतले यश आणि उंदरातले यश यांचा मेळ नीटसा बसत नाही, आणि उंदराचा माणसाशी त्याहून कमी. चाळणी जे विचारते तेच उत्तर संग्रहातून मिळते. सहा महिने शीतपेटीत टिकेल का, हे बहुतेक संग्रहांना पहिल्या फेरीत कोणी विचारलेच नाही. अलीकडे संगणकी प्रारूपांकडून नवे रेणू सुचवून घेण्याची लाट आहे. तिथेही शिकवणीचा मजकूर याच उंदरांचा.

आज प्रचलित असलेल्या लिपिड नॅनोकणात चार घटक असतात. भार बदलणारे लिपिड साधारण निम्मे. कोलेस्टेरॉल दोन-पंचमांशाच्या आसपास, कणाला भरीवपणा देणारे. पेशीपटलात सापडते तसले एक फॉस्फोलिपिड दहा टक्क्यांच्या घरात. आणि दीड टक्क्याच्या आसपास पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) शेपटी लावलेले लिपिड, जे कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. लिपिडे अल्कोहोलमध्ये विरघळवायची, आरएनए आम्ल पाण्यात; दोन्ही धारा अरुंद वाहिनीत वेगाने एकमेकींवर सोडल्या की क्षणार्धात ६० ते १०० नॅनोमीटरचे कण जमतात. लायपोसोमसारखा हा पाण्याने भरलेला पोकळ गोळा नसतो. आतला भाग लिपिड आणि आरएनएने दाटलेला असतो. हे मिश्रण प्रयोगशाळेत चमचाभर करणे आणि कारखान्यात पिंपभर करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०२० मध्ये लशीचे उत्पादन अडत होते ते बहुतेकदा याच टप्प्यावर.

एवढे करून यश किती? २०१३ मध्ये सूक्ष्म-आरएनएचा माग काढणाऱ्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले की पेशीत गेलेल्या मालापैकी एंडोसोममधून निसटणारा भाग एक-दोन टक्केच असतो. बाकीचा पिशवीतच पचतो. चाळीस वर्षांच्या मेहनतीनंतर शंभरातले अठ्ठ्याण्णव वाया जातात, आणि तरीही औषध काम करते! इथे जो कोणी हा आकडा दहावर नेईल, तो मात्रा, किंमत आणि दुष्परिणाम तिन्ही एकदम खाली आणेल. या क्षेत्रातली सर्वांत मोठी न सुटलेली अडचण हीच, असे म्हणायला हरकत नाही.

आता थंडीकडे. एमआरएनए पाण्यातच हळूहळू तुटतो, त्याला विकरेही लागत नाहीत. त्यात २०२१ मध्ये मॉडर्नाच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक कारण प्रसिद्ध केले : भार बदलणाऱ्या लिपिडाचे अमाइन ऑक्सिजनशी जुळून बिघडते, त्यातून अल्डिहाइडे सुटतात आणि ती आरएनएला कायमची चिकटतात. असा आरएनए अखंड दिसला तरी पेशीला वाचता येत नाही. म्हणजे ज्याने जपायचे तोच बाधतो. दाट कणात दोघे एकमेकांना खेटून असल्याने हे टाळणे कठीण, म्हणून सारे गोठवून ठेवायचे. अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णालयांना तो खर्च झेपला.

पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. एमक्योर समूहातली, हिंजवडीतून चालणारी, डॉ. संजय सिंह यांच्या नेतृत्वाखालची ही कंपनी. तिच्या जेमकोव्हॅक-१९ या लशीला सुमारे ४,००० स्वयंसेवकांवरील चाचण्यांनंतर २८ जून २०२२ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांकडून आपत्कालीन परवानगी मिळाली. देशात विकसित झालेली ही पहिली एमआरएनए लस. साठवण २ ते ८ अंश. वर्षभराने ओमायक्रॉनसाठी बदललेली जेमकोव्हॅक-ओएम आली. केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी २४ जून २०२३ रोजी तिचे अनावरण केले. ती गोठवून वाळवलेली भुकटी आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा आणि बायरॅक संस्थेचा पैसा यामागे होता.

रसायनाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. या लशींच्या पद्धतीत आरएनए कणाच्या पोटात दडपलेला नसतो. स्क्वॅलिनसारख्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवायचे, त्यांच्या पृष्ठभागावर धनभारित लिपिड बसवायचे आणि आरएनए त्याला बाहेरून चिकटू द्यायचा. तेलाचे इमल्शन नवे नाही. स्क्वॅलिनचे एक इमल्शन १९९७ पासून युरोपात फ्लूच्या लशीत मिसळले जाते. (स्क्वॅलिनचा जुना स्रोत शार्क माशाचे यकृत, त्यावर प्राणिप्रेमींचा आक्षेप आहे आणि उसाच्या साखरेपासून ते बनवण्याची खटपट चालू आहे.) आणि या प्रकारच्या इमल्शनांत वापरले जाणारे डीओटीएपी हे फेल्गनर यांच्या डीओटीएमएचेच धाकटे भावंड. कायमच्या धनभारामुळे रक्तातून हद्दपार झालेले घराणे स्नायूत आणि त्वचेत पुन्हा कामाला आले, कारण तिथे केशवाहिन्यांतून वाहत जायचे नसते, टोचले तिथेच थांबायचे असते. रक्तासाठी वाईट ठरलेला गुण त्वचेत चालून गेला. ‘चांगले लिपिड’ असे काही सुटे नसते, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके उंदरांच्या हजार तक्त्यांतूनही दिसत नाही.

आत असलेला आरएनएही वेगळा आहे. अल्फाविषाणूकडून घेतलेले प्रती काढण्याचे यंत्र त्यात बसवलेले असते, त्यामुळे पेशीत गेल्यावर तो स्वतःच्या प्रती वाढवतो आणि मात्रा कमी पुरते. मोबदल्यात धागा नेहमीच्या लशीतल्या धाग्याच्या दुपटीहून लांब होतो. तो कणात कोंबण्यापेक्षा थेंबावर चिकटवणे सोयीचे. जेमकोव्हॅक-ओएम ट्रॉपिस या सुईविना उपकरणाने त्वचेत दिली जाते. त्यात स्प्रिंगच्या जोरावर द्रवाची बारीक धार त्वचेत शिरते. वीज लागत नाही. तीन हजारांहून अधिक लोकांवरच्या या लशीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. त्यात तुलना होती ती कोविशिल्डच्या वर्धक मात्रेशी, म्हणजे हडपसरच्या सीरममधल्या लशीशी. पुण्याची लस पुण्याच्याच लशीशी तोलली गेली.

कागदावर ही तळेघरसाठी घडवलेली लस आहे. आयएलआरमध्ये मावते, वीज मागत नाही, सुई मागत नाही. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि सात आठवड्यांनी ही लस आली. लोकांना तोवर मास्कचासुद्धा कंटाळा आला होता. मोठी मोहीम झालीच नाही. त्यामुळे डोंगरी आरोग्य केंद्रात ती कितपत टिकते, सिस्टरांना ते उपकरण जमते का, भुकटी विरघळवण्यात किती मात्रा वाया जातात, या प्रश्नांची उत्तरे चाचणीतल्या रुग्णालयांपलीकडे गेली नाहीत. वाद मात्र झाले. सुरुवातीला तंत्र सिएटलच्या एचडीटी बायोकडून आले होते. २०२२ मध्ये त्या कंपनीने व्यापारी गुपिते घेतल्याचा दावा एमक्योरवर अमेरिकेत लावला, एमक्योरने तो नाकारला. लिपिडांच्या जगात हे नवलाचे नाही. मॉडर्ना आणि आर्ब्युटस या कंपन्यांची पेटंटवरून भांडणे वर्षानुवर्षे चालली. कणातल्या चार घटकांच्या प्रमाणावरही पेटंटे आहेत.

लशीसाठी लिपिड टोचले तिथे थांबले तरी भागते. आजार बरा करायचा तर ते ठरावीक अवयवात गेले पाहिजे, आणि शिरेतून दिलेले जवळपास प्रत्येक लिपिड यकृताकडे धाव घेते. कण रक्तात पोचला की अपोलायपोप्रोटीन ई त्याच्यावर बसते, आणि यकृताच्या पेशी तो कोलेस्टेरॉलचा गोळा समजून ओढून घेतात. यकृताच्या आजारांना हे वरदानच. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियातून बातमी आली की अमोनिया साठवणाऱ्या जीवघेण्या दोषासह जन्मलेल्या एका बाळासाठी सहा महिन्यांत खास जनुक-संपादक बनवून तो लिपिड कणांतून देण्यात आला, आणि त्याची प्रकृती सुधारली. विषाणू असता तर मात्रा वाढवत पुन्हा देता आली नसती. लिपिडामुळे तीनदा देता आली. उलट बाजूही त्याच वर्षीची. इंटेलिया कंपनीच्या यकृतातले जनुक कापणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचण्या एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर ऑक्टोबरमध्ये थांबवाव्या लागल्या. दोष संपादकाचा की लिपिडाचा, हे ठरवणे सोपे नाही. दोन्ही एकाच कणातून गेलेले.

यकृताबाहेर जाण्याच्या वाटा निघत आहेत. टेक्सासमधल्या डॅनियल सिगवर्ट यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की चार घटकांत पाचवा मिसळला तर पत्ता बदलतो : कायमचा धनभारित घातला की कण फुप्फुसात, ऋणभारित घातला की प्लीहेत. पुन्हा तेच जुने धनभारित लिपिड, या वेळी टपाल-खात्याच्या कामावर. पीईजीचा प्रश्न वेगळा आहे. वारंवार मात्रा घेणाऱ्यांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून पर्यायी शेपट्यांचा शोध चालू आहे.

महाराष्ट्रासाठी या साऱ्यातला सर्वांत निकडीचा अवयव अस्थिमज्जा. कारण सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार; त्या पेशी मज्जेतच घडतात. नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे गोंड आणि माडिया यांच्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी पाड्यांवर जाऊन त्याची तपासणी आणि उपचार दशकानुदशके केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल हटवण्याचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या ‘बिरसा १०१’ या क्रिस्पर, म्हणजे जनुक-संपादनाच्या, उपचाराची घोषणा झाली, आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. अमेरिकेत याच प्रकारचा कॅसजेव्ही हा उपचार २२ लाख डॉलरला मिळतो, त्यामुळे स्वदेशी पर्यायाचे महत्त्व सांगायला नको.

पण पद्धत अजून मज्जापेशी बाहेर काढण्याची, त्यांत बदल करण्याची, रुग्णाची उरलेली मज्जा केमोथेरपीने रिकामी करून त्या परत घालण्याची आहे. किंमत कितीही उतरली तरी त्यासाठी प्रत्यारोपणाची खोली आणि कित्येक आठवड्यांचा मुक्काम लागतोच. धडगावच्या किंवा भामरागडच्या कुटुंबाने पोरासाठी मोठ्या शहरात दोन महिने कुठे राहायचे, रोज बुडवून पोट कसे भरायचे, याचे उत्तर जनुकात नाही.

पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी जुलै २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये दुसरी शक्यता मांडली. लिपिड कणावर सीडी११७ या खुणेला ओळखणारी प्रतिपिंडे बसवली, तर तो कण शिरेतून जाऊन थेट मज्जेतल्या मूळपेशींना गाठतो. उंदरांत हे जमले, आणि बशीतल्या सिकलसेल रुग्णांच्या पेशींतला दोष संपादकाने दुरुस्त करता आला. म्हणजे तत्त्वतः पेशी बाहेर न काढता, केमोथेरपी न देता, एका सलाइनसारखा उपचार. माणसात अजून काही सिद्ध झालेले नाही, आणि प्रतिपिंड बसवलेला कण साध्या कणापेक्षा नाजूक आणि महाग असतो. त्याच्यासाठी भार बदलणारे लिपिड निवडताना सध्या तरी पहिला निकष मूळपेशीतली कामगिरी हाच आहे. तो कण भुकटी करून ठेवता येतो का, २ ते ८ अंशांत किती महिने राहतो आणि विरघळवायला काय लागते, या मोजणीत हिंजवडी-हडपसरच्या या दोन कंपन्यांइतकी सरावलेली माणसे देशात थोडीच आहेत. सीरमकडे आता उपचार आहे, जेनोव्हाकडे भुकटीचा अनुभव. दोघींच्या मध्ये मोटारीने तासाभराचे अंतर आणि हिंजवडीची वाहतूक कोंडी.